आखाजीचं शिबिर

बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी काही रस्ते मोटारींना बंद आणि चालणाऱ्या-सायकलवाल्यांना खुले असतात; गुडगावात २०१३ मध्ये तसाच उपक्रम सुरू झाला. कुटुंबांनी फुकटात हालचाल करावी, ही कल्पना म्हणे नवी!

जळगाव-धुळ्यात ती जुनीच आहे. पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. माहेरवाशिणी निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ना नोंदणी, ना प्रायोजकाचा टी-शर्ट. त्याआधी गच्चीवर बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड. पहाटेपासून लाटणं, थापणं, ऊन चढण्याआधी वाळत घालणं. गल्लीतल्या सगळ्या बायका हजर, शुल्क शून्य. मुलांकडे कावळे हाकलण्याचं खातं, म्हणजे धावणं आलंच.

पुरुष मागे राहतात असं कुणी म्हणू नये. आखाजीला पारावर पत्त्यांचे डाव रंगतात. पिसताना मनगटाला व्यायाम होतो, खिसाही हलका होतो.