पद्मिनीपती

पद्मिनीपती म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिची थोरली बहीण फियाट डिलाइट बाळगून असलेला, साधारणपणे साठी ओलांडलेला मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ. गाडी चालवणे हे त्याचे मुख्य लक्षण नव्हे. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा तो गाडी चौकापर्यंत नेतो आणि दुधाची पिशवी घेऊन परत येतो, तेवढेच. त्याची खरी ओळख पटते ती रविवारी सकाळी. गाडीचे एक दार सताड उघडे असते, त्यातून दोन पाय बाहेर आलेले असतात आणि पायांशी वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीने मांडलेले असतात. शेजारी त्याला ‘फियाटवाले काका’ म्हणतात. गाडीवर पद्मिनी असे नाव असले तरी तोही तिला फियाटच म्हणतो. दुसऱ्या कोणी ‘जुनी गाडी’ म्हटले, तर मात्र पाय आत जातात आणि डोके बाहेर येते.

हा प्रकार पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत आणि मुंबईत दादर-पार्ल्याच्या जुन्या सोसायट्यांत आढळतो. गाडी बहुधा वडिलांनी घेतलेली असते. नंबरप्लेटवर ‘एम’पासून सुरू होणारी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असा जुना थाट असेल, तर कुळाची प्रतिष्ठा वाढते. छपराखालची जागा मुलाच्या नव्या गाडीला गेल्यामुळे फियाट उघड्यावर उभी असते. तिला ऊन लागते, पाऊस लागतो आणि वर गुलमोहर असल्यास त्याचा पालाही लागतो. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ या जागावाटपात आहे.

गाडीचा इतिहास पद्मिनीपतीला तोंडपाठ असतो आणि तो कोणालाही, विशेषतः न विचारणाऱ्याला, सांगितला जातो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला उभा राहिला, १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले, इंजिन १०८९ सीसीचे. इथपर्यंत आवाज स्थिर असतो. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी रस्त्यावरून गेली, हे सांगताना आवाज थोडा दाटतो. दुःख ओसरल्यावर त्याला पहिला प्रश्न पडतो, की एवढ्या टॅक्स्या गेल्या, तर त्यांची दारे कुठे गेली?

दार हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. इंजिनाचे काम मिस्त्रीकडे, पत्र्याचे डेंटरकडे. दार मात्र स्वतःकडे. दाराला ‘रबर’ असते असे सामान्य माणूस समजतो. पद्मिनीपतीच्या मते हे अडाणीपणाचे लक्षण आहे, कारण दाराला किमान चार रबरे असतात. पहिले चौकटीभोवतीचे पोकळ रबर. दार लागले की ते दबते आणि फट बुजवते. दुसरा चॅनल, म्हणजे काच ज्यात वर-खाली सरकते ती मखमली अस्तराची खाच. तिसऱ्या, काचेच्या बुडाशी आतून आणि बाहेरून टेकणाऱ्या दोन पट्ट्या. काच खाली जाताना त्या तिला पुसून घेतात. चौथे तिकोनी काचेचे रबर. एसी नसलेल्या काळात हीच तिकोनी काच फिरवून वारा थेट ड्रायव्हरच्या छातीवर घेता येई. तिचे रबर बसवताना भलेभले शांत स्वभावाचे लोक देवाचे नाव वेगळ्या सुरात घेतात.

ही रबरे मरतात कशाने, याचेही शास्त्र आहे. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला कडक करतात. त्यावर बारीक भेगा पडतात, ते आक्रसते आणि कोपऱ्यातून सुटते. काचेला आधार राहत नाही, म्हणून ती खडखडते. चॅनलमधली मखमल झिजली की आतली पत्र्याची कड काचेवर उभी रेघ ओढते. या रोगावर कॉलनीतला प्रत्येक जण एक औषध सुचवतो आणि त्यात इंजिन ऑइल हमखास असते. तेल आणि ग्रीस रबराला फुगवून आणखी बिघडवतात, हे पद्मिनीपतीला ठाऊक असते. ते ठाऊक व्हायला त्याचे एक दार खर्ची पडलेले असते.

निदान मे महिन्यात होते. पद्मिनीपती सर्व काचा वर करून, हातात बॅटरी घेऊन गाडीत बसतो आणि नातू बाहेरून पाइपने पाणी मारतो. ‘आलं का, आजोबा?’ असे नातू विचारतो. ‘अजून नाही,’ असे उत्तर येते. त्यात काहीशी निराशा असते. दुसरी चाचणी कागदाची. दारात कागद धरून दार लावायचे आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर तिथे रबर दबत नाही असे समजायचे. यासाठी विजेचे जुने बिल वापरतात. बिल फाटले तर रबर उत्तम, बिल अखंड राहिले तर खर्च आला.

त्यानंतर खरेदी. जुन्या रबराचा दोन इंचांचा तुकडा खिशात घालून पद्मिनीपती पुण्यात नाना पेठेत शिरतो. रविवार किंवा बुधवार असेल तर जुन्या बाजारातही चक्कर होते. दुकानदार मीटरवर विकले जाणारे एक भेंडोळे पुढे टाकतो आणि म्हणतो, ‘हेच लावतात शेठ सगळे.’ पद्मिनीपती तुकडा काढतो, भेंडोळ्याशेजारी धरतो, चष्मा वर करतो आणि ‘ओठ जाड आहे’ असा अभिप्राय देतो. दुकानदाराला वाटते आपल्याबद्दल बोलणे चालले आहे. पाच दुकाने झाल्यावर शेवटी पहिल्याच दुकानातून तेच भेंडोळे घेतले जाते. घरी मात्र ‘ओरिजिनलच्या तोडीचे’ म्हणून त्याचा प्रवेश होतो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी काच फिरवायचा हँडल काढायचा. तो कुठे स्क्रूने, कुठे पिनेने, कुठे तारेच्या क्लिपने धरलेला असतो. क्लिप असेल तर ती निघताच उडते आणि गुलमोहराच्या पाल्यात कायमची स्थायिक होते. मग हाताची टेक काढायची आणि सपाट पट्टी घालून डोअर पॅड कडेकडेने सुटा करायचा. पॅड म्हणजे रेक्झिन चढवलेला हार्डबोर्ड. त्याने तीस-चाळीस पावसाळे दमटपणा शोषलेला असतो, त्यामुळे त्याची खालची कड भिजलेल्या पावासारखी हातात येते.

पॅड निघाला की दाराचे पोट दिसते आणि इथे काम तासभर थांबते, कारण काचेच्या बुडाच्या फटीतून घराण्याचा इतिहास त्यात पडलेला असतो. एक पंचवीस पैशांचे नाणे, एक केसांची पिन, लक्ष्मी रोडवरच्या कापडदुकानाची अर्धी पावती. सौभाग्यवतींना बोलावले जाते. पिन आपली नाही, असे त्या ठामपणे सांगतात. ती नणंदेची असल्याचे संध्याकाळपर्यंत सिद्ध होते आणि मग काम पुन्हा सुरू होते.

दाराच्या पोटात आणखी एक गोष्ट कळते आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. दार हे पाणी अडवणारे यंत्र नव्हेच. काचेवरून ओघळणारे थोडे पाणी बाहेरच्या पट्टीतून आत उतरतेच. ते तळाशी असलेल्या भोकांतून निघून जावे, अशी मूळ रचना असते. ही भोके पाल्याने आणि मातीने बुजली की पाणी साचते, पत्रा आतून गंजतो आणि पॅड कुजतो. म्हणजे दोष रबराला दिला जातो आणि गुन्हा भोकाचा असतो. पद्मिनीपती खराट्याची काडी घालून भोके मोकळी करतो, गंज घासून तिथे रंगाचा हात देतो आणि पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद पुन्हा चिकटवतो. हा कागद मागच्या मिस्त्रीने ‘काय कामाचा’ म्हणून फेकलेला असतो.

घरातली मंडळी या नादाशी नेमके याच तत्त्वाने वागतात. अडवत कोणी नाही. रविवार सकाळ, गच्चीवरचे एक कपाट आणि महिन्याची ठरावीक रक्कम एवढी भोके मोकळी ठेवली, की बाकीचा संसार कोरडा राहतो, हे अनुभवाने कळलेले असते.

नवे रबर बसवण्याचे नियम थोडे आहेत, पण मोडले तर सगळे काम फुकट जाते. जुना चिकटा थिनरने पूर्ण काढावा. रबर कधीही ताणून लावू नये. ताणलेले रबर आठवडाभरात मूळ लांबीवर येते आणि सांध्यात फट पडते. आधी कोपरे बसवावेत, मग सरळ भाग. चौकटीच्या रबराचा सांधा खाली ठेवावा. चॅनल सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे. फेविबॉन्डसारखा चिकटा दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि बोटाला चिकटेनासा झाला की दाबावे. या दहा-पंधरा मिनिटांत चहा येतो, शेजारी येतात, वालचंद हिराचंद येतात, आणि चिकटा पार वाळून जातो. तो मग पुन्हा लावतात.

नव्या रबराने दार लागत नाही. पोकळ रबर अजून दबायला शिकलेले नसते. ज्या माणसाने वीस वर्षे प्रत्येक पाहुण्याला ‘दार हळू लावा’ म्हणून अपमानित केले, तोच आता ‘जोरात! अजून जोरात!’ असे ओरडतो. पाहुणे ही संधी सोडत नाहीत.

शेवटी साजशृंगार. जुना पॅड नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलीने खाका काढतात, भोके जुळवून कापतात आणि रेक्झिनसाठी कुशनवाल्याकडे नेतात. मूळ रंग मरून होता की चॉकलेटी, यावर दोन भाऊ अनेक वर्षे एकमेकांशी तुटक बोलतात. दारावरची चकचकीत पट्टी ब्रासोने घासली जाते आणि त्या दिवशी घरातली समई तशीच काळी राहते.

पद्मिनीपतींत दोन पोटजाती आहेत. शुद्धतावादी कारखान्यातून निघाले होते तेच रबर शोधतो. ते सापडेपर्यंत गाडी ताडपत्रीखाली असते. जुगाडी फ्रिजच्या दाराचे रबर लावतो, आणि तेही घरचा फ्रिज अजून चालू असताना. दोघे भेटले की परस्परांच्या दारांची स्तुती करतात आणि घरी जाऊन कीव करतात.

कायद्याशी त्याचे संबंध सौजन्याचे आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते. हरित कर वेगळा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांसाठीच आणता येते. पद्मिनीपतीला ही अट जाचत नाही. गेली दहा वर्षे तो तीच पाळत आला आहे.

कामाची परीक्षा जूनच्या पहिल्या सरीला होते. सगळी कॉलनी भजी तळत असताना पद्मिनीपती गाडीत बसून पॅडच्या खालच्या कडेवरून बोटे फिरवतो. कड कोरडी असते. दाराच्या तळातून पाण्याची बारीक धार शिस्तीत बाहेर पडत असते. तो समाधानाने मागे टेकतो, तेवढ्यात गुडघ्यावर एक थेंब पडतो. तो समोरच्या काचेच्या रबरातून आलेला असतो. हे रबर दाराच्या प्रकरणात मोडत नाही. त्याला पुढचा उन्हाळा लागतो.