मी हावो ना जी!

भंडारा जिल्ह्यात तलाव किती ते सरकारला विचारा. वेबसाइट किती ते भाऊंना. तुमसरची राइस मिल असो, मोहाडीचं कोशाच्या साड्यांचं दुकान असो की भंडाऱ्याची पितळी भांड्यांची पेढी, इंटरनेटवरचं त्यांचं नाव भाऊंच्या खात्यात असतं. असे भाऊ तालुक्यागणिक एक तरी सापडतात. दुकान बसस्टँडजवळ. पाटीवर झेरॉक्स, आधार, परीक्षेचे फॉर्म, धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी आणि सगळ्यांत खाली, जागा उरली म्हणून, 'वेबसाइट बनवून मिळेल'.

गिऱ्हाईक आलं की भाऊ विचारतात, "डॉट कॉम पायजे का डॉट इन?"

"जे मजबूत असन ते द्या जी."

2014 पासून डॉट भारत असं देवनागरीतलं नावही मिळतं, हे भाऊ अभिमानानं सांगतात आणि डॉट कॉम घ्यायला लावतात. मग फॉर्म भरला जातो. मालकाच्या रकान्यात भाऊ, ईमेल भाऊंचा, मोबाइल भाऊंचा. "तुमाले त्या ओटीपीचा ताप काहाले? मी हावो ना जी!"

यात लबाडी नसते, उरक असतो. गंमत गिऱ्हाइकाची आहे. हाच माणूस धानाच्या बांधीचा सातबारा दरसाल काढतो आणि इतर हक्कात चुलतभावाचं नाव दिसलं तर तलाठ्याला झोपू देत नाही. डोमेनच्या सातबाऱ्यावर मात्र भाऊ एकटेच नांदतात, आणि हा साइटवरचा आपला फोटो बघून खूश! डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या त्या खात्याची किल्ली ज्याच्या हाती, तो नेमसर्व्हर बदलून साइटही वळवू शकतो आणि त्या नावावर येणारी पत्रंही. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. भाऊंनी सांगितलं होतं, पण तेव्हा चहा आला.

खरी परीक्षा दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत. गावोगाव झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात आणि भाऊ त्यात इन्स्पेक्टरची भूमिका करतात. मुदत संपल्याचे इशारे भाऊंच्या ईमेलवर पडत राहतात. भाऊ स्टेजवर खलनायकाला बेड्या घालत असतात. सकाळी मिलवाले फोन करतात, "भाऊ, आपली साइट कुठी गेली?"

भाऊ डगमगत नाहीत. 1999 च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट 'पासपोर्ट डॉट कॉम'चे 35 डॉलर भरायला विसरली, हॉटमेल अडलं आणि शेवटी एका परक्या प्रोग्रॅमरनं आपल्या खिशातून पैसे भरले, हा किस्सा त्यांना तोंडपाठ आहे. तो पूर्ण ऐकवून मगच ते सांगतात की सवलतीचे दिवस सरले, आता नाव सोडवायला तीस दिवस आहेत आणि दंड जबर आहे. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणीही उचलू शकतं. 'कोणीही' म्हणताना ते समोरच्या राइस मिलकडे बघतात. पैसे लगेच निघतात.

असा एखादा दंड भरल्यावर पुण्याचा पुतण्या येतो. आयटीतला. तो डोमेन काकांच्या खात्यात नेण्यासाठी ट्रान्सफर कोड मागतो. भाऊ आधी सर्व्हर डाउन असल्याचं सांगतात, मग डोमेनला लॉक असल्याचं. पुतण्या नियम काढतो: डॉट कॉमच्या मालकानं मागितला की कंपनीनं पाच दिवसांत कोड द्यावाच लागतो. कंपनी नियमाला पक्की असते. ती कोड मालकाला, म्हणजे भाऊंनाच देते.

तरी भाऊ मनाचे मोठे. ते लॉक काढतात, कोड लिहून देतात. डोमेन काकांच्या नावावर चढतं, पुतण्या पुण्याला परततो. आणि काकांची झोप उडते. पासवर्डात मोठं अक्षर कोणतं? दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे कोणते दोन? अध्यामध्यात आलेला ओटीपी कोणाला द्यायचा नाही, की भाऊंना चालतो?

आठवडा जात नाही तोच काका दुकानात हजर. पासवर्डाचा कागद काउंटरवर ठेवतात. "भाऊ, नाव माह्यं राहू द्या, पण हे तुमच्याचपाशी ठेवा बा."

"मी हावो ना जी!" भाऊ कागद ड्रॉवरमध्ये टाकतात. पुढच्या बिलात एक ओळ वाढते: पासवर्ड राखण, रुपये पाचशे.