टेपचं दुसरं टोक

अण्णाकाकांचा फोन सकाळी साडेसहाला आला की समजावं, कुठंतरी चौकाची स्पर्धा जाहीर झाली आहे. माणूस गेल्याची बातमी ते सावकाश, दहाच्या सुमारास देतात.

काका बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. रस्त्याखालच्या मोऱ्या, विश्रामगृहं, तलाठी कार्यालयं आणि एका धान्य गोदामाचं शौचालय एवढ्यांचे नकाशे त्यांच्या हातून उतरले. रेघ काकांची, सही साहेबांची. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले, ड्रॉइंग बोर्ड देवघराशेजारी लावला आणि म्हणाले, "आता फक्त चौक." काकूंना वाटलं, इतर पेन्शनरांसारखे चौकात जाऊन बसणार. त्यांनी हरकत घेतली नाही. पुढं त्या मला म्हणायच्या, "नुसते बसले असते तर बरं झालं असतं गं."

अशा स्पर्धेत उतरायला बहुधा नोंदणीकृत वास्तुरचनाकार लागतो. १९७२ च्या कायद्यानं देशभरातल्या वास्तुरचनाकारांची नोंदणी सुरू झाली, आणि काकांच्या मते तो कायदा त्यांनाच अडवण्यासाठी झाला होता. त्यावर काकांना एकच उतारा सापडला, तो म्हणजे मी. माझी पदवी झाली तेव्हा पेढा तोंडात टाकायच्या आधी त्यांनी विचारलं, "नंबर कधी मिळतो?" तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रवेशिकेत डोकं त्यांचं, नंबर माझा. शिवाय टेपचं दुसरं टोकही माझंच.

हे दुसरं टोक धरणं सोपं काम नाही. आमच्या गावच्या स्टँडसमोरचा चौक घ्या. नगरपालिकेनं त्याची स्पर्धा जाहीर केली आणि तीस मीटरची टेप घेऊन आम्ही भर अकराला तिथं उभे. पहिलं टोक पानटपरीशी काकांच्या हातात, दुसरं रसवंतीशी माझ्या हातात, आणि मधून वडाप, ट्रॅक्टर आणि लग्नाचा बँड. पिवळी पट्टी बघून लोकांना वाटलं, रस्तारुंदी आली. टपरीवाल्यानं काकांना पान दिलं, पैसे घेतले नाहीत आणि हळूच विचारलं, "साहेब, माझी टपरी जाते का राहते?" काका म्हणाले, "टपरी गेली तर चौक गेला." त्या दिवसापासून काकांना तिथं पान फुकट. स्पर्धेतून त्यांनी आजवर मिळवलेलं बक्षीस एवढंच.

काकांचं वाचन दांडगं. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे लावले, माणसं कुठं बसतात, कुठं थांबतात याचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा मथितार्थ काकांनी एका जेवणात सांगितला : माणसं मुख्यतः तिथं बसतात, जिथं बसायला जागा असते. काकूंनी भात वाढता वाढता विचारलं, "हे कळायला कॅमेरा कशाला लागला?" व्हाइटना आणखी एक गोष्ट दिसली होती. भेटलेली माणसं गप्पा मारायला बाजूला होत नाहीत, ऐन रहदारीत उभी राहतात. हे आमच्या एसटीच्या दारात रोज दिसतं, पण आमच्या कंडक्टरनं त्यावर पुस्तक लिहिलं नाही.

दुसरं दैवत व्हिएन्नाचे कामिलो सिटे. त्यांचं पुस्तक १८८९ चं. चौकाचा मध्य मोकळा ठेवावा, पुतळे आणि कारंजी कडेला घ्यावीत, हा त्यांचा आग्रह. दाखला फार गोड आहे. लहान मुलं बर्फाचा बाहुला कुठं करतात बघा, सिटे म्हणतात. जाण्यायेण्याच्या वाटा सोडून जिथलं बर्फ तुडवलं गेलेलं नसतं, तिथं. जुन्या गावांतली कारंजीही तशाच जागी उभी राहिली.

"काका, आपल्याकडं बर्फ कुठंय?" मी विचारलं.

"गाय आहे ना. ती कुठं बसते ते बघू."

तीन दिवस आम्ही गाय बघितली. तिन्ही दिवस ती चौकाच्या बरोबर मध्यावर, चारही रस्त्यांचे आस जिथं एकमेकांना छेदतात तिथं, रवंथ करत बसली. काकांनी नकाशावर तिची जागा दाखवली आणि सुवाच्य अक्षरात शेजारी लिहिलं : 'अपवाद'.

काकांची रचना गेल्या अकरा स्पर्धांत बदललेली नाही. विटांची फरसबंदी, तिला सिएनाच्या काम्पोसारखा अलगद उतार, कडेला एक कडुनिंब, त्याला पार, आणि बाकी काही नाही. परीक्षकांना नेमकं हे 'बाकी काही नाही'च पटत नाही. त्यावर काकांचं उत्तर तयार असतं. "१९७१ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रासाठी ६८१ प्रवेशिका आल्या. जिंकली कुठली? जिनं अर्धी जागा चौक म्हणून मोकळी सोडली ती!" ती जिंकणाऱ्यांनी उरलेल्या अर्ध्या जागेत बरंच काही उभारलं होतं, हे मी एकदा सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "ते बारकावे झाले."

स्पर्धेत तक्त्यावर नाव घालायचं नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक. चौतीस वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली काढलेल्या माणसाला हा नियम फार लागतो. मग काका सगळा जीव कडुनिंबात ओततात. पानन् पान शाईच्या पेननं. चित्रातली माणसंही त्यांची स्वतःची. आजकाल संगणकातून जी तयार माणसं मिळतात त्यांत सोनेरी केसांची बाई आणि फुगा धरलेलं पोर असतंच. आमच्या स्टँडवर फुगा धरून कोणी आनंदानं चालताना मी पाहिलेलं नाही. काकांच्या चौकात धोतरातले आजोबा असतात, एका सायकलवर तीन पोरं असतात आणि उकिडवा बसून विडी ओढणारा हमाल असतो. पांढऱ्या कागदावर काळी रेघ. रंग म्हणाल तर पानांना तेवढा हिरवा.

स्टँडसमोरच्या चौकाच्या वेळी नगरपालिकेला प्रदर्शनासाठी सहा बाय चारचा फ्लेक्सही हवा होता. मुदत सायंकाळी पाचची, आणि चार वाजता आम्ही फ्लेक्सच्या दुकानात. आमच्या आधी एका भावी नगरसेवकाचा वाढदिवस छापून होत होता. आमची फाइल उघडल्यावर मुलगा हळहळला. "आजोबा, लई मोकळं दिसतंय. मागं रात्र टाकू का? लायटिंग मारतो. बाकीच्या समद्यांनी रात्रच टाकलीय." काका म्हणाले, "चौक दिवसा वापरतात." मुलानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. पाचला पाच मिनिटं असताना फ्लेक्स काखेत मारून मी नगरपालिकेचे जिने चढले, मागून काका ओरडत होते, "पावती घे!"

निकालाच्या दिवशी काका शांत असतात. याचं कारण सिडनी. तिथल्या ऑपेरा हाउसच्या स्पर्धेला २३३ प्रवेशिका होत्या आणि १९५७ मध्ये यॉर्न उत्झॉन जिंकले, हा इतिहास. अशी आख्यायिका आहे की ईरो सारिनेन हे परीक्षक उशिरा पोचले, बाकीच्यांनी बाद केलेला ढीग त्यांनी पुन्हा चाळला आणि त्यातून उत्झॉन यांची रेखाटनं वर काढली. या आख्यायिकेवर काकांची प्रकृती उभी आहे. आजवर ते एकही स्पर्धा हरलेले नाहीत. प्रत्येक ठिकाणी उशिरा येणारा परीक्षक तेवढा अजून यायचा आहे.

चौक दुसऱ्याच कुणाला गेला. भर मध्यावर ग्रॅनाइटचं गोल कारंजं, बदलत्या रंगांचे दिवे आणि गावावरचं प्रेम इंग्रजीत जाहीर करणारी पुरुषभर उंचीची अक्षरं. उद्घाटनाला कारंजं उडालं. त्यानंतर २६ जानेवारीला उडालं. मग मोटर गेली. काकांनी वर्षभर त्या चौकाचं तोंड पाहिलं नाही. पान खायला ते मागच्या बोळातून जायचे.

परवा मी त्यांना दवाखान्यातून आणत होते. बोळ खणलेला, त्यामुळं चौकातूनच यावं लागलं. संध्याकाळची उन्हं तिरपी झालेली. कोरड्या कारंज्याच्या कट्ट्यावर गोलाकार माणसं बसली होती, कारंज्याकडं पाठ करून. शाळेची पोरं, दोन पेन्शनर, एसटीची वाट बघणारं एक सासर. काका थबकले. खिशातून छोटी टेप काढली. मी सवयीनं वाकून टोक जमिनीला लावलं.

"अठरा इंच," काका म्हणाले. मग जरा वेळानं, "बसायला बरोबर अठरा इंच. चुकून जमलंय त्यांना."

कट्ट्याच्या पलीकडच्या अंगाला भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या, पायाशी मेथी आणि वांगी. मावळतीच्या बाजूला दोन बांबूंना सहा बाय चारचा फ्लेक्स ताणून बांधला होता. पांढराशुभ्र. त्यावर एकच कडुनिंब, पानन् पान शाईच्या पेननं काढलेलं, आणि खाली कोपऱ्यात सहा आकडी सांकेतिक क्रमांक.

काका काही बोलेनात, म्हणून मीच विचारलं, "मावशी, हा कुठं मिळाला?"

"नगरपालिकेच्या मागं ढीग टाकला व्हता की. चाळीसेक असत्याल."

"मग हाच का घेतलात?" हे काकांनी विचारलं. आवाज परीक्षा देणाऱ्या पोराचा.

"बाकीचं समदं काळं व्हतं, रातीचं. काळं ऊन धरतंय, भाजी करपती. ह्यो पांढरा. आन् झाड बी हाय वर."

काका बराच वेळ त्या झाडाकडं बघत राहिले.

"फार उशीर केलात, मावशी," ते म्हणाले.

"यष्टीच उशिरा आली," मावशी म्हणाल्या, आणि वांग्यांची पाटी बाजूला सारून त्यांना बसायला जागा करून दिली.