पलटण गेली, पत्ता राहिला

हिंगोलीत कुणाला पत्ता विचारला की नवखा माणूस जरा दचकतोच. कुणी पलटणीत राहतो, कुणी रिसाल्यात, कुणी तोफखान्यात. सांगणारा असतो किराणा दुकानदार, विमा एजंट, नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. रिसाल्यात घोडा औषधालाही सापडत नाही. वरातीला हवा असला तर चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. तोफखान्यात आवाज होतो तो फक्त दिवाळीत. आणि पेन्शनपुऱ्याचं तर विचारूच नका. जुनी पेन्शन बंद झाल्यावर नोकरीला लागलेला एखादा मास्तर पेन्शनपुऱ्यात भाड्याने राहत असेल, तर इतिहासाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल?

ही सगळी नावं छावणीची. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाचं एक सैन्य होतं आणि हिंगोली हे त्याचं एक मोठं ठाणं होतं. व्यवस्था मोठी मजेशीर होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. जेवण एकाने घालायचं आणि पंगतीला कोण बसणार ते दुसऱ्याने ठरवायचं, असा तो मामला. साहजिकच पैसे थकले, कर्ज वाढलं, आणि १८५३ साली इंग्रजांनी तह करून थकबाकीपोटी वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. आपल्याकडे बँक फार तर ट्रॅक्टर ओढून नेते. इथे अख्खा प्रांत गेला.

त्यातून पैनगंगेच्या पाण्याला कारण नसताना सरहद्दीचा मान मिळाला. पलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे निजामी. दोन्हीकडे तीच काळी माती, तोच कापूस, तीच ज्वारीची भाकरी आणि तेच सोयरे. पण पलीकडे रेल्वे एकोणिसाव्या शतकातच धावू लागली, आणि आमच्याकडे छोटी गाडी आली तेव्हा विसावं शतक उजाडून गेलं होतं. अकोला-पूर्णा मार्गावर ती छोटी गाडी मोठी व्हायला २००८ साल लागलं. अजूनही वाशीमकडची सून हिंगोलीत आली की सासू म्हणते, “वऱ्हाडातली आहे, हात सैल असायचाच.” आणि सून मनात म्हणते, “मराठवाडा आहे, चालायचंच.” दोघींनाही १८५३ चा तह पाठ नसतो, पण दोघी त्याच्याच कलमांवर भांडत असतात.

ज्या सैन्याच्या पगारासाठी एवढं रामायण घडलं, ते सैन्य पुढे पन्नास वर्षांत मोडीत निघालं. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत विलीन झालं आणि हिंगोलीची छावणी उठली. पलटण गेली, पत्ता राहिला. थकबाकीही राहिली. फक्त आता आपण त्याला अनुशेष म्हणतो. १९८४ च्या दांडेकर समितीपासून मराठवाड्याचा अनुशेष किती, यावर अहवाल, आकडे आणि भाषणं चालू आहेत. निजामाचे दफ्तरदार आज असते तर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं असतं.

दफ्तरावरून आठवलं. आमच्याकडच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. ती उघडली की आधी डांबरगोळीचा वास येतो, मग कापडात गुंडाळलेले कागद निघतात. एकावर उर्दू, दुसऱ्यावर मोडी, आणि सालाच्या जागी १३४० किंवा १३५० असा आकडा. नातू म्हणतो, “आपलं घराणं यादवकाळातलं!” तसं काही नसतं. निजामी कारभारात फसली सन चालायचा. १९४८ मध्ये इथे १३५७ चालू होतं. महिनेही आजूर, दै, बहमन असे इराणी वळणाचे. या हिशेबात आजोबांचा जन्म नेमका कधीचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही. मग शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जुलै किंवा १ जून ठोकून दिला. मराठवाड्यात दर १ जुलैला इतक्या ज्येष्ठ नागरिकांचे वाढदिवस येतात की केकवाल्याने ती तारीख सणासारखी धरावी.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. त्यामुळे आमच्याकडे झेंडावंदनाचा एक दिवस जास्त. १५ ऑगस्टचा देशाचा आणि १७ सप्टेंबरचा आमचा. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यही नकाशावरून गेलं, हिंगोली परभणी जिल्ह्यात नांदली, आणि १ मे १९९९ ला स्वतःचा जिल्हा घेऊन वेगळी झाली. पण तहसील कचेरीत जाऊन बघा, कुळाच्या जमिनीचं भांडण निघालं की वकीलसाहेब १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याचं कलम काढतात. राज्य बुडालं तरी त्याच्या नावाने तारखा पडतच आहेत. २०२३ पासून तर कुणबी नोंदींच्या शोधात शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात तुमची बाजू कोणतीही असो, एक मान्य करावं लागेल: पणजोबांच्या नावापुढे कारकुनाने कंटाळत लिहिलेला एक शब्द पणतूचं भविष्य ठरवू शकतो.

इतिहास असा फक्त देणीच ठेवतो असं मात्र नाही, काही येणंही ठेवतो. हिंगोलीजवळचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांना गुरू भेटले तेही याच जिल्ह्यात, औंढ्याला, विसोबा खेचर. नागनाथासमोर नामदेवांना कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथे शेंबडं पोरही सांगतं. देऊळ फिरल्याचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या पदातही आहे. त्यांची एकसष्ट पदं तिथे आहेत. त्या ओढीने पंजाबातले भाविक नरसीला येतात. आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थेट पंजाबात, घुमानला भरलं. नामदेव तिथे गेले त्या गोष्टीला सातशे वर्षं होत आली तेव्हा कुठे मराठी साहित्यिकांना ती वाट सापडली, आणि तीही रेल्वेचं आरक्षण करून.

आता त्याच औंढा तालुक्यात, दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसरचा किरण, आणि काम काय, तर दूर अंतराळातल्या उलथापालथीने अवकाशात उठलेली लाट पकडायची. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वेधशाळांनी अशी पहिली लाट पकडली, ती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. म्हणजे हेही जुनं दफ्तर वाचण्याचंच काम, फक्त लिपी मोडीहून अवघड. लांबीत अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी बारीक फरक पडला तरी यंत्राला कळतो. नामदेवांसाठी देऊळ फिरलं तेव्हा ते असतं, तर शास्त्रज्ञांची झोप उडाली असती.

या यंत्राला जागा हवी होती गजबजाटापासून दूर. गिरण्या नाहीत, कारखान्यांची दाटी नाही, याचं रडगाणं आम्ही किती वर्षं गात होतो! इतिहासाने केलेली उपेक्षाच शेवटी पात्रता ठरली. याचा अर्थ अनुशेष माफ झाला असा नाही. तो मागायचाच. पण इतिहासाच्या खात्यात कोणती रक्कम कधी येण्याच्या बाजूला सरकेल याचा नेम नसतो, एवढं यातून दिसतं.

म्हणून एक सांगणं आहे. इतिहासावरून एकमेकांची डोकी फोडायला तयार असलेली माणसं आपल्याकडे रग्गड आहेत. स्वतःच्या माळ्यावरची पेटी उघडून बघणारी थोडी. या दिवाळीच्या साफसफाईत ते जुने कागद रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्या, उर्दू जाणणाऱ्या कुणाला तरी बोलावून, चहा पाजून, ते एकदा वाचून घ्या. आपल्या आधी वाळवीने ते वाचले, तर ती आपल्याला काही सांगणार नाही.