दातांची का होईना

"एमबीबीएसला नंबर लागला नाही जी. आता बीडीएस घेऊन टाकतो. डॉक्टर तर होईल पोरगी, दातांची का होईना."

नीटचा निकाल लागला की दरवर्षी कोणीतरी बाप माझ्या दवाखान्यात येऊन हे बोलतो. परवाचा बाप बोलायच्या आधी बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून आला. पोरगी शेजारी मान खाली घालून बसलेली. मला राग येतो तो या "घेऊन टाकतो"चा. उतरत्या बाजारातला वांग्यांचा वाटा घेऊन टाकतात. पोरीच्या आयुष्याची पाच वर्षं अशी घेऊन टाकतात का?

तुझे हात कसे चालतात, हे त्या पोरीला आजवर एकानेही विचारलेलं नाही. शाळेने नाही, क्लासने नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाचा ठोकळा हातात देतात आणि त्यातून दात कोरायला लावतात. उंची-रुंदी मिलिमीटरात मोजतात. दाढेची एक खाच चुकली की ठोकळा बाद, नवा घ्या. नीटमध्ये भरघोस मार्क आणलेली मुलं तिथे रडताना मी पाहिली आहेत, आणि बारावीला जेमतेम निघालेला सुताराचा मुलगा पहिल्याच आठवड्यात सुळा हुबेहूब कोरून मोकळा झालेलाही पाहिला आहे. पुढे ड्रिल हाती येतं, तिसऱ्या वर्षी जिवंत माणूस खुर्चीत बसतो, आणि अर्धं काम छोट्या आरशात उलटं बघून करावं लागतं. ज्याला हे आवडतं त्याला जेवणाची आठवण राहत नाही. ज्याला नाही, त्याची मान आणि मन दोन्ही तिशीत आखडतात.

पैशाचं मी लपवत नाही. 2020-21 मध्ये देशभरात बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे 7,000 जागा रिकाम्या राहिल्या. त्या भरण्यासाठी फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेचं पर्सेंटाइल 10 ने खाली आणलं. त्याच निकालपत्रात लिहिलंय, की रिकाम्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतल्या फक्त 265 होत्या. बाकी सगळ्या खासगी. म्हणजे पोरांना दात नको झालेले नाहीत, फी झेपत नाही. सरकारी जागा मिळत असेल तर डोळे मिटून घ्या असंही मी म्हणणार नाही, पण शेत विकून खासगीत जाणार असाल तर आधी दहा वेळा विचार करा. पदवीनंतरची पहिली वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर जातात. स्वतःची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे मांडायचं कर्ज वेगळंच.

तरीही दाताचा डॉक्टर व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण या भागात रोज माझ्या खुर्चीत बसतं.

मागच्या आठवड्यात पंचविशीतला एक पोरगा आला. "तिखट खाल्लं की तोंडात आग होते जी." मी म्हटलं, आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल. निरोगी माणसाची सहज जातात. त्याचं एकच गेलं. गाल आतून पांढुरके पडलेले, बोट फिरवलं तर दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते. आठवीपासून खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला. हे आखडलेले गाल पूर्ववत होत नाहीत, आणि यातूनच काहींना पुढे कॅन्सर होतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण तंबाखू खाणारा, लावणारा निघाला. बायांची मिश्री त्यातच आली.

ही तोंडं सगळ्यात आधी कोण उघडून बघतं? दाढ दुखते म्हणून माणूस आमच्याकडे येतो, आणि दाढेमागचा पांढरा चट्टा आम्हाला दिसतो. तो वेळेत दिसला तर जबडा वाचतो, माणूस वाचतो. आणि आमच्या गावांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांची खुर्ची शोधून सापडत नाही. ही "का होईना" म्हणायची डॉक्टरकी नाही.

पोरीला म्हटलं, चॉइस भरायला वेळ आहे, तोवर आठ दिवस माझ्याजवळ स्टुलावर बस. रक्त बघ, थुंकी बघ, वास घे. ती दुसऱ्या दिवशी नऊला हजर. चौथ्या दिवशी बाप तिला न्यायला आला, तेव्हा तिनेच त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तीन बोटं घाला."

दोन गेली.