तोंडदेखलं

अमरावती-अकोला एसटीत माझ्या शेजारची सीट मूर्तिजापूर यायच्या आत रिकामी होते. माझ्या व्यासंगाचा धाक, असं मी वीस वर्षं समजत आलो. मी बोलायला लागलो की मित्र मान तिरकी करून खिडकीबाहेर बघत. मला ते चिंतन वाटे. भाषणाआधी आयोजक हातावर वेलदोडा ठेवत. मी तो मान म्हणून खाई.

मग 2020 आलं आणि तोंडाला मास्क लागला. एसटी सुरू झाल्यावर पहिल्याच फेरीत बडनेऱ्याला मी ओरडलो, "गाडीत काहीतरी मेलंय!" कंडक्टरनं सीटखाली वाकून पाहिलं. पलीकडचे एक काका शांतपणे म्हणाले, "खालते नोका पाहू भाऊ. मास्क काढून पाहा." काढला. मेलेलं गायब!

आपला वास आपल्याला येत नाही, कारण रोजच्या वासाची दखल घेणं नाक सोडून देतं. परीक्षा मात्र सोपी आहे: मनगट चाटायचं, दहा सेकंद वाळू द्यायचं आणि हुंगायचं. मी ती एसटीतच दिली. त्या दिवशी शेजारची सीट बडनेऱ्यालाच रिकामी झाली.

घरचं निदान तयार होतं: पोट साफ नाही. आमच्याकडे गुडघा दुखला तरी पोटच साफ नसतं. त्रिफळा झाला, इसबगोल झाला. वाढल्या त्या फक्त फेऱ्या. मग संशय ठेच्यावर गेला, आणि ठेच्याचा विषय निघाला की मी थांबतोच. हिरव्या मिरच्या तव्यावर काळे डाग पडेस्तोवर परताव्या, लसणाच्या पाकळ्या मोजू नयेत, जाडं मीठ घालावं आणि खलबत्त्यात कुटावं. मिक्सरमधून निघतो त्याला ठेचा म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, जेवायला बोलावत नाही, इतकंच. सोबत ज्वारीची भाकर आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. आता यातली मेख अशी, की लसणातलं एक गंधकी द्रव्य पचून रक्तात उतरतं आणि फुप्फुसांतून श्वासाबरोबर बाहेर येतं. म्हणून कितीही दात घासा, ते जात नाही. दूध प्यायलं तर जरा दबतं म्हणतात. ठेच्यावर दूध! त्यापेक्षा वास परवडला. पण ठेचा निर्दोष सुटला. मी महिनाभर लसूण सोडला, शेजारच्या सीटनं मला काही जवळ केलं नाही.

शेवटी दातांचे डॉक्टर. "जीभ काढा. अजून. अजून." जिभेच्या मुळाशी पिवळट साय होती. बहुतेक वेळा कारण पोटात नसतं, तोंडातच असतं, असं ते म्हणाले. तिथे हवेवाचून जगणारे जंतू अन्नाचे कण कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याला येतो तोच वास. भरीला दातांवरचं कीटण, सुजलेल्या हिरड्या, किडलेली दाढ. लाळ हे धुऊन नेते. तोंड कोरडं पडलं की कारभार जंतूंच्या हाती.

"खूप बोलता का?" त्यांनी विचारलं.

"हो," बायको म्हणाली.

उपायही साधेच निघाले. कीटण काढलं. रोज दातांच्या फटींतून दोरा, जीभ मुळापर्यंत खरवडणं, भरपूर पाणी. बडीशेप वास नुसता झाकते आणि खर्रा हिरड्यांचीच वाट लावतो. एवढं करूनही वास राहिला तर साखर आणि मूत्रपिंडं तपासा, म्हणाले. ज्या अमरावती जिल्ह्यात जन्मून गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला आणि गावंच्या गावं झाडली, तिथे माझी वीतभरही नसलेली जीभ बिनझाडलेली!

मला राग आला तो जगाचा. याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. माझ्या कानावर चार शब्द टाकायला मात्र वीस वर्षांत कुणी निघालं नाही. वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो म्हणतात. तोंडाबद्दल बोलत नाही.

उठताना डॉक्टर सहज म्हणाले, "घरात कोणाची कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायला सांगा."

अकोल्याला माझे बाबा होते तेव्हा मी दर शनिवारी जायचो आणि त्यांच्या खाटेशी तिरका बसायचो. बाबा कवळी रात्रीही काढत नसत. "कोनी आलं तं बोळकं दाखवू काय?" मिजास आमच्यात वडिलोपार्जित आहे. शेवटच्या वर्षी माझ्याशी बोलताना ते दुपट्ट्याचं टोक ओठांवर धरायचे. मला वाटे, हसू लपवतात. वाटीभर पाण्याचं काम होतं. मी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून, असं मी म्हणत असे. खरं तर मला अवघड वाटेल म्हणून.

परवा एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले. कपाशीच्या भावावर बोलत होते, अगदी जवळून, आणि वास ओळखीचा होता. ठरवलं, आज सांगायचंच.

"भाऊ, एक सांगू का?"

"सांगा ना बाप्पा," म्हणत ते आणखी जवळ सरकले.

मी खिशात हात घातला आणि त्यांच्या तळहातावर एक वेलदोडा ठेवला. त्यांनी तो मान म्हणून खाल्ला.