खाडाखोडीस पूर्ण मुभा

बँकेत खाडाखोड म्हणजे गुन्हा. लेजरमध्ये आकडा चुकला तर तो एका रेघेने कापायचा, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. व्हाइटनरचा ठिपका दिसला की ऑडिटरचा चेहरा उजळायचा. अशा शिस्तीत केस पांढरे झालेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर टॅब्लेट देऊन ‘आबा, काहीही काढा, नाही आवडलं तर अनडू करा’ असं नातीने सांगणं, म्हणजे जन्मभर एकादशा केलेल्याला मामलेदारच्या मिसळीपुढे बसवणं.

लोकांनी सुचवलं, निसर्गचित्रं काढा. सल्ला शहाणपणाचा होता. झाड कसंही काढलं तरी झाड म्हणून खपतं आणि तक्रार घेऊन दारात येत नाही. पण मला माणसंच काढायची होती. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात माझी नजर शाखेत नावाजलेली होती. तीच नजर चेहऱ्यांवर चालेल असा हिशोब. चालतेही. चित्र माणसाशी जुळत नाही, हे मला ताबडतोब कळतं. जुळवायचं कसं, ते खातं वेगळं निघालं. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात हे साठी उलटेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. आपण सगळेच ते वर नेऊन ठेवतो आणि कपाळाची जागा गिळंकृत करतो. माझी सुरुवातीची माणसं त्यामुळे एकाच घराण्यातली वाटतात, आणि ते घराणं फारसं हुशार वाटत नाही.

उतारवयात या नादाला लागलेला मी पहिला नाही. डेव्हिड हॉकनी सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर चित्रं काढू लागला. पण तो आधीच मोठा चित्रकार. त्याचं मला अप्रूप नाही. माझं दैवत जपानचे तात्सुओ होरिउची. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी चित्रकलेची महागडी सॉफ्टवेअर्स नाकारली आणि संगणकात आधीच असलेल्या एक्सेलमध्ये डोंगर, नद्या, चेरीचा बहर काढला. ज्या एक्सेलमध्ये मी थकबाकी सोडून काही पाहिलं नाही, त्यात! मी मात्र क्रिता नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि आमच्या नौपाड्यात गुणवत्तेचं ते पहिलं प्रमाणपत्र.

समोर बसायला हक्काचं माणूस म्हणजे बायको. तिला मी सावळाराम हळदणकरांची गोष्ट सांगितली. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं समई धरलेल्या स्त्रीचं चित्र आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता हातात समई घेऊन उभी राहिली होती. तेही जलरंगातलं काम. कागद एकदा बिघडला की बिघडला. गीताताई पुढे शंभरी ओलांडून जगल्या, असंही मी जोडलं. म्हणजे उभं राहण्याने प्रकृतीला अपाय नाही. बायकोने कुकरच्या तीन शिट्ट्यांपुरता वेळ मंजूर केला. चित्र पाहून म्हणाली, “वासुदेव कामतांनी बायकोचं चित्र काढलं, त्याला २००६ मध्ये अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं. तुम्ही माझं काढलंत, त्यात मला आधी माझी मोठी नणंद दिसली.” तिची माहिती अचूक असते, हीच अडचण आहे. शिवाय नणंदेबद्दलही ती बरोबर होती.

पण खरा घोळ अनडूने घातला. तैलचित्र वाळलं की लोक गप्प बसतात. कॅनव्हासला कोणी ‘जरा इकडचं तिकडे करा’ म्हणत नाही. इथे सगळ्या सोसायटीला ठाऊक झालंय की काहीही बदलता येतं. खालच्या मजल्यावरच्या आजींना आधी चामखीळ काढून हवी होती, मग रंग उजळ, मग गळ्यात कोल्हापुरी साज. साज काढला तर त्यातली पानं कमी भरली. एका काकांनी कवळी लावून बसायला नकार दिला आणि चित्रात मात्र दात मागितले. तलावपाळीच्या कट्ट्यावर अनोळखी माणूस टिपायला बसावं, तर मागून जाणारा भेळ खाता खाता सांगतो, “नाक थोडं आत घ्या.” त्याचं खरं असतं. एक बटण दाबून चित्र आरशासारखं उलटं करून पाहिलं की वाकडं नाक लगेच दिसतं. हे बटण मला आता देवासारखं वाटतं, आणि माझं चित्र मला तितकंच परकं.

प्रिंट काढून फ्रेम करायला मात्र कोणी तयार नाही. मराठी घरात भिंतीवर फ्रेम म्हणजे पुढची पायरी हार. कवळीवाले काका स्पष्टच म्हणाले, “फोनवरच राहू दे.”

अपवाद आमच्या सेक्रेटरींचा. नौपाड्यातल्या निम्म्या जुन्या इमारतींसारखी आमचीही पुनर्विकासाला निघाली आहे. नव्या टॉवरच्या लॉबीत लावायला त्यांना स्वतःचं मोठं चित्र हवंय, मागे टॉवरसकट. बिल्डरने तूर्तास माहितीपत्रक दिलंय, त्यावरून मी टॉवर काढला. गच्चीवरच्या बागेसह तो स्वतंत्र लेयरवर ठेवलाय. समितीतल्या दुसऱ्या गटाचे लोक चहाला आले की त्या लेयरपुढचा डोळा टिचकी मारून मिटतो, आणि सेक्रेटरींच्या मागे आमची जुनी पाण्याची टाकी दिसू लागते.